अनोळखी झाड ओळखायचे, तर पानाचा आकार शेवटी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मावळातल्या तुमच्या शेताच्या बांधावर, ओढ्यापासून थोड्या अंतरावर, एक जुने मोठे झाड आहे. पाने पिंपळासारखी, पण मोठी आणि रुंद. साल पांढुरकी-करडी. मोबाइलमधले ॲप एका फोटोला पिंपळ म्हणते, दुसऱ्याला शिवण आणि तिसऱ्याला पारोसा पिंपळ. गावातले एक वयस्कर गृहस्थ मात्र ते हेदू असल्याचे सांगतात. सध्या झाडावर फुले-फळे नाहीत. घरात झाड पाडण्याचा विचार चालू आहे, आणि त्याआधी नुसत्या पानांवरून आणि सालीवरून नक्की कसे ठरवायचे, हे तुम्हाला हवे आहे.

ॲपने तीन नावे का दिली, हे तुमच्याच फोटोंवरून कळते. तिन्ही वेळा तुम्ही एकच पान तोडून ते तळहातावर ठेवून फोटो काढला आहे. त्या फोटोत आकाराशिवाय काहीच नाही, आणि आकार हा झाड ओळखण्याचा सर्वांत कच्चा पुरावा आहे. पिंपळ, पारोसा पिंपळ, शिवण, हेदू, पेटारी ही एकमेकांशी फारसे नाते नसलेली झाडे. पण एकेक पान सुटे करून ठेवले तर सगळी एका माळेतली वाटतात. पान फांदीपासून तोडले की निम्मी माहिती फांदीवरच राहते. म्हणून अनोळखी झाडाकडे गेल्यावर पहिली नजर पानावर टाकू नका. पान फांदीला जिथे बसले आहे, त्या जागेवर टाका.

एक हातभर डहाळी खाली वाकवा आणि पानांची मांडणी पाहा. एका पेऱ्यावर एकच पान, पुढचे दुसऱ्या बाजूला, म्हणजे पाने एकाआड एक. एका पेऱ्यावर समोरासमोर दोन, म्हणजे जोडीने. तीन किंवा अधिक पाने एकाच ठिकाणी गोलाकार, म्हणजे मंडलात. सप्तपर्णीला अशी चार ते सात पाने असतात. आपल्याकडच्या बहुतेक झाडांची पाने एकाआड एक असतात, त्यामुळे समोरासमोर पाने दिसली की एका क्षणात शेकडो नावे बाद होतात. साग, शिवण, हेदू, कळंब, कुडा, काजरा, जांभूळ, नाणा, ताम्हण अशी मोजकी मंडळी उरतात. एवढे मोठे काम करणारी दुसरी कोणतीही खूण पानात नाही, आणि नवशिके नेमके हेच पाहायचे विसरतात.

इथे एक अडचण येते. ऐन, अर्जुन, हिरडा यांची पाने समोरासमोर असल्यासारखी दिसतात, पण नीट पाहिले तर एक पान दुसऱ्यापेक्षा थोडे वर सरकलेले असते. एका जोडीवरून ठरवू नका, चार-पाच पेरी पाहा. बेहडा, मोह, कुंभा, देशी बदाम यांची पाने फांदीच्या टोकाला झुबक्याने येतात, तिथेही मांडणी चटकन कळत नाही. पण तो झुबका हीच खूण धरता येते. मग मोहाच्या तोडलेल्या देठातून पांढरा चीक येतो, कुंभ्याच्या पानाची कडा बारीक दातेरी असते, बेहड्याचा देठ लांब असतो. तिथून पुढे वाट सोपी होते.

दुसरा प्रश्न, ज्याला आपण पान म्हणतो आहोत ते खरेच पूर्ण पान आहे का. कडुनिंबाचे जे बारीक दातेरी पाते आपण पान म्हणून हातात घेतो, ती पर्णिका. पूर्ण पान म्हणजे ती अख्खी काडी. ओळखायचे कसे, तर डोळा शोधायचा. पान फांदीला जिथे मिळते त्या बगलेत एक बारीक कळी, म्हणजे डोळा असतो. पर्णिकेच्या बगलेत तो कधीच नसतो. पळस, पांगारा, बेल, वायवर्ण यांच्या तीन पर्णिका, सावरीच्या पाच ते सात पर्णिका एका बिंदूतून पसरलेल्या, शिरीष-बाभूळ-खैराची दोनदा विभागलेली बारीक पाने, हे सगळे डोळा सापडला की जागच्या जागी बसते. आवळा मात्र भल्याभल्यांना चकवतो. त्याची काडी हुबेहूब संयुक्त पानासारखी दिसते आणि गळतेही अख्खी. पण आवळ्याची फुले आणि फळे त्या काडीवरच पानांच्या बगलेत लागतात, म्हणजे ती काडी ही बारीक फांदी आहे आणि ती चिमुकली पाती खरी पाने आहेत.

आता तुमच्या झाडाकडे येतो. तुमच्या चौथ्या फोटोत, जो तुम्ही सावलीचा म्हणून काढला असावा, फांदीची दोन टोके स्पष्ट आली आहेत आणि त्यावर पाने समोरासमोर आहेत. एवढ्यावरून पिंपळ आणि पारोसा पिंपळ दोन्ही गेले, कारण दोघांचीही पाने एकाआड एक असतात. पिंपळाची आणखी खात्री हवी असेल तर देठ मोडून पाहा, पांढरा चीक यायलाच हवा. शिवाय त्याच्या पानाचे टोक लांब शेपटीसारखे निमुळते होते. पारोसा पिंपळ, म्हणजे भेंड, मुळात समुद्रकाठचे झाड. ते घाटावर लावलेले आढळते, पण जुन्या बांधावर आपोआप वाढलेले ते असण्याची शक्यता कमीच होती.

उरली शिवण, हेदू आणि कोणी नाव न घेतलेली, पण तशाच पानांची ओढ्याकाठची पेटारी. तिघांची पाने जोडीने, लांब देठाची, बुडाशी हृदयाकृती. इथे तुम्हाला भिंग लागेल. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते, ते खिशात ठेवायची सवय लावा.

फांदीच्या टोकाला, समोरासमोरच्या दोन देठांच्या मधोमध पाहा. हेदूमध्ये तिथे प्रत्येक बाजूला एक गोलसर, पानासारखे खवले असते आणि दोन्ही खवले मिळून कोवळ्या डोळ्याला झाकून घेतात. ही उपपर्णे. ती लवकर गळतात, पण गळाल्यावर एका देठापासून दुसऱ्या देठापर्यंत फांदीवर आडवी रेघ राहते. समोरासमोर पाने आणि दोन देठांच्या मध्ये उपपर्ण किंवा त्याची रेघ, ही कॉफीच्या कुळाची सही आहे. कळंब, गेळा, हेदू सगळे या कुळातले. शिवणीत आणि पेटारीत देठांच्या मध्ये असे काही नसते. शिवण सागाच्या कुळातली आहे. तिच्या पानात देठ जिथे पात्याला मिळतो, तिथे मधल्या शिरेच्या बाजूला बारीक चकतीसारख्या ग्रंथी दिसतात. पानाचे टोकही वेगळे असते: शिवणीचे पान टोकाकडे हळूहळू निमुळते होत जाते, हेदूचे पान जवळजवळ गोल असते आणि शेवटी एकदम छोटेसे टोक काढते. पानाच्या खालची मऊ लव मात्र पुरावा म्हणून धरू नका, ती शिवण आणि हेदू दोघांनाही असते.

तुमच्या चौथ्या फोटोत, उजवीकडच्या फांदीवर, दोन देठांच्या मध्ये मला एक गोलसर हिरवे खवले दिसते आहे. फोटो धूसर आहे, पण पानाची रुंदी आणि ते तोकडे टोक त्याला जुळते. त्यामुळे माझे मत गावातल्या त्या गृहस्थांच्या बाजूने आहे. ते हेदूच असावे.

आता साल. साल पाहताना लोकांची मोठी चूक रंगापाशी होते. मावळात, कोकणात, घाटमाथ्यावर पाऊस इतका पडतो की जुन्या खोडावर दगडफूल चढते आणि मूळ रंग पांढरा, हिरवट, राखाडी असा कसाही दिसतो. भिजलेली साल आणखी दोन छटा गडद होते. तुम्ही ज्याला पांढुरकी साल म्हणता आहात, त्यातला बराचसा पांढरेपणा दगडफुलाचा आहे, हे फोटोतल्या गोलाकार डागांवरून कळते. रंगापेक्षा सालीचे वागणे पाहा. ती तडकते का, तडकली तर उभी की चौकोनी. ढलप्या निघतात, लांब पट्ट्या निघतात की कागदासारखे पापुद्रे. खोड गोल आहे की बुंध्याशी खाचा पडलेल्या आहेत. आणि हे नेहमी छातीच्या उंचीवर, पूर्ण वाढलेल्या खोडावर पाहा. त्याच झाडाच्या मनगटाएवढ्या फांदीची साल वेगळीच असते.

ऐन आणि अर्जुन ही जोडी यासाठी सर्वांत चांगली शिकवणी आहे. पाने एका घराण्याची, दोघांच्याही पानाला बुडाशी ग्रंथी, पण खोड पाहिले की शंका उरत नाही. ऐनाची साल काळपट, खोल चिरांनी चौकोनी तुकड्यांत फाटलेली, मगरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची गुळगुळीत, पांढुरकी, पातळ पापुद्रे सोडणारी, आणि झाड बहुधा नदी-ओढ्याच्या काठाला. बाभूळ आणि खैर दोघेही काटेरी. बाभळीचे काटे सरळ आणि पांढरे, साल काळी आणि चिरा पडलेली, तर खैराचे काटे आखूड, वाकडे, जोडीने, आणि साल लांब अरुंद पट्ट्यांत सुटणारी. शिरीष खडबडीत, किन्हई गुळगुळीत आणि फिकट. करू, म्हणजे कांडोळ, त्याच्या कागदासारख्या चकचकीत पांढऱ्या सालीमुळे उन्हाळ्यात निष्पर्ण डोंगरावर लांबूनच ओळखू येतो. त्याला पाने नसली तरी काही बिघडत नाही. नाण्याचे खोडही गुळगुळीत आणि फिकट, पण त्याची पाने समोरासमोर आणि साधी, करूची हाताच्या पंज्यासारखी पाच भागांची आणि फांदीच्या टोकाला गोळा झालेली.

काट्यांबद्दलही सांगतो. सावरीच्या कोवळ्या खोडावर जाड शंकूसारखे काटे असतात, पण झाड मोठे झाले की खालचे काटे झडतात आणि बुंध्याला आधाराच्या भिंती फुटतात. असाण्याच्या कोवळ्या खोडावर लांब, दणकट काटे असतात आणि जुन्या झाडावर ते शोधावे लागतात. म्हणजे काटा दिसला तर तो पुरावा. न दिसणे हा पुरावा नव्हे. असाण्यात काटा नसला तरी पान बोलते: मधल्या शिरेपासून निघालेल्या ठळक समांतर शिरा थेट कडेपर्यंत जातात.

हेदूची साल करडी, वयाबरोबर वेड्यावाकड्या ढलप्या सोडणारी, आणि जुन्या झाडाच्या बुंध्याशी उभ्या खाचा पडून खोड गोल राहत नाही. शिवणीची साल त्या मानाने गुळगुळीत, फिकट पिवळसर-राखी, आणि बुंधा बराचसा गोल. तुमच्या खोडाच्या फोटोत बुंध्याला खाचा आहेत. हा पुरावा एकटा पुरेसा नाही, पण पानांच्या पुराव्याला तो दुजोरा देतो.

सालीला कोयता लावून आत पाहू नका. बिबळ्याच्या सालीतून रक्तासारखा लाल रस येतो, पळसाचाही लाल गोंद येतो, हे खरे आणि उपयोगी आहे. पण बहुतेक झाडांवर एखादी जुनी जखम, मोडलेली फांदी किंवा गुरांनी घासलेली जागा आधीच असते. ती शोधा. खोडाच्या सगळ्या बाजूंनी साल निघाली तर पानांनी तयार केलेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या मरते. चिकाचे काम देठ मोडून भागते. त्यातही सावध राहा. बिब्ब्याचा रस अंगावर उततो, हे ग्रामीण भागात सगळ्यांना माहीत आहे. खाडीकाठी वाढणाऱ्या गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. अनोळखी झाडाचा चीक हाताला लागला की डोळ्यांना हात लावायच्या आधी हात धुवा. आणि पान किंवा बी चाखून पाहायचे नाही, कधीच. काजऱ्याचे पान तुकतुकीत, तीन ठळक शिरांचे, दिसायला निरुपद्रवी असते, आणि त्याच झाडाच्या बियांत कुचल्याचे विष असते.

वास घ्यायला हरकत नाही. पान चुरगाळून घेतलेला वास आंब्याचे कूळ, बेल-लिंबाचे कूळ, दालचिनीचे कूळ वेगळे काढून देतो. बेलाचे पान उजेडासमोर धरले की तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. जांभळाच्या पानात कडेला समांतर जाणारी एक शीर असते, ती डोळ्यांनी शोधायला थोडा वेळ लागतो, पण एकदा सापडली की पुढे चुकत नाही. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की लाल रंग उतरतो. लहान रोप साग आहे का, यावर ही सर्वांत जलद परीक्षा आहे.

कोणते पान निवडायचे, यावरही बरेच अवलंबून असते. बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्याचे पान घेऊ नका. छाटलेल्या झाडाला आलेली पाने नेहमीपेक्षा कितीतरी मोठी आणि कधी वेगळ्याच आकाराची असतात. मावळात आणि कोकणात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, ऐन दरवर्षी खांदतात, त्या ऐनाची पाने जंगलातल्या ऐनापेक्षा इतकी वेगळी दिसतात की माणूस गोंधळतो. फणसाच्या कोवळ्या रोपाची पाने तर खाचा असलेली असतात. शक्य तितक्या वरच्या, उन्हातल्या फांदीची पूर्ण वाढलेली पाने पाहा, आणि एक नव्हे, दहा-पंधरा पाहा. आपटा आणि कांचन यांचा दसऱ्याला होणारा घोटाळा असाच एका पानावरून होतो. दोन्हीची पाने दुभंगलेली, म्हणून लोक सोने समजून कांचनाच्या फांद्या ओरबाडतात. आपट्याचे पान लहान, लांबीपेक्षा रुंदी जास्त, आणि झाड वेडेवाकडे, काळपट खडबडीत सालीचे; कांचनाचे पान चांगले मोठे आणि साल बरीच गुळगुळीत. झाडाच्या खोडाकडे एकदा नजर टाकली असती तर ती फांदी वाचली असती, याचे मला दर वर्षी वाईट वाटते.

तुमच्या झाडाखाली जाऊन जमिनीवरही पाहा. झाडावर आज फळ नसले तरी गेल्या हंगामाचे अवशेष खाली असतात. हेदूला पावसाळ्यात पिवळसर फुलांचे छोटे गोल गेंद येतात आणि त्यांचे वाळलेले गोळे पुढे बरेच दिवस फांद्यांवर किंवा खाली सापडतात. शिवणीची पिवळी फळे उन्हाळ्याच्या अखेरीस पडतात, गुरे ती खातात आणि कडक आठळ्या मागे राहतात. पाचोळा उकरून पाहिला की यातले एक तरी हाती लागते. आजूबाजूला त्याच जातीची लहान रोपे आहेत का, हेही बघा. फक्त वाऱ्याने शेजारच्या झाडाची पाने येऊन पडलेली नाहीत ना, याची खात्री करा.

पेटारीबद्दल मी अजून दार पूर्ण बंद करत नाही, कारण ती ओढ्याकाठी वाढते आणि पानांवरून ती शिवणीशी इतकी मिळतीजुळती आहे की नुसत्या पानांवर दोघींत निर्णय देऊ नये. पण उपपर्ण किंवा ती आडवी रेघ सापडली तर दोघीही आपोआप बाद होतात. तेव्हा पुढचा फोटो हाच काढा: फांदीचे टोक, दोन समोरासमोर देठ आणि त्यांच्या मधली जागा, उजेडात, जवळून. सोबत पानाची खालची बाजू, आणि पाचोळ्यात काही सापडले तर ते एका नाण्याशेजारी ठेवून. ॲपलाही हेच फोटो द्या. ते चार नावांची यादी देण्यापुरते चांगले काम करते, त्यातले कोणते हे तुम्ही भिंगाने ठरवायचे. वाळवलेल्या नमुन्याशी ताडून पाहायचे असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे, तिथे मोठा वनस्पतिसंग्रह आहे. नमुना म्हणजे पाने फांदीसकट, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली. सुटी पाने नकोत.

झाड पाडण्याचा विचार मात्र आत्ताच थांबवा. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरही काही जाती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, बिबळा, तिवस, मोह, जांभूळ यांच्याबरोबर हळदू आहे, आणि हळदू म्हणजेच हेदू. नाव ठरल्यावर तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन परवानगीचे विचारा. बांधावरचे एवढ्या घेराचे हेदू तुमच्या आजोबांच्याही आधीचे असू शकते. घराच्या कामाला लाकूडच हवे असेल तर ते दुसरीकडून आणता येईल. माझा आग्रह हे झाड ठेवण्याचा आहे, मग ते हेदू निघो, शिवण निघो की पेटारी.